बीं धरण्याची लाज

गेल्या मृगाच्या सुमारास आमच्या एका स्नेह्यांच्या घरीं जाण्याचा योग आला. गृहस्थ सुशिक्षित, वाचनाचे शौकी, आणि नोकरींतून मोकळे झाल्यापासून त्यांना गच्चीवर भाजीपाला करण्याचा छंद लागलेला. त्यांनीं मोठ्या कौतुकानें आपली गच्ची दाखविली. कुंड्या, मांडव, ठिबकाच्या नळ्या, सर्व कांहीं यथास्थित होतें. मग एका डब्यांतून बियांचीं पाकिटें काढून पत्ते मांडावेत तशीं तीं आमच्यापुढें मांडलीं. दुधीचें एक, दोडक्याचें एक, भेंडीचीं दोन. मागल्या वर्षीं याच गच्चीवरचा एक दुधी त्यांनीं आम्हांस पाठविला होता व तो खरोखरच उत्तम होता; म्हणून सहज विचारलें कीं, त्याचें बीं धरलें नाहीं काय? ते हंसले. "अहो, वीस-पंचवीस रुपयांत पाकीट मिळतें, आतां कोण बीं धरीत बसतो!" शेजारीं त्यांच्या मातोश्री बसल्या होत्या. त्या कांहीं बोलल्या नाहींत. पण मुलाचें वाक्य पुरें होण्याआधींच त्यांनीं मान खालीं घातली, तें पाहून हा लेख लिहावा असें आमच्या मनानें घेतलें.

आळसाविषयीं आमची तक्रार नाहीं. आळस मनुष्यमात्राला आहे, आम्हांसहि आहे, आणि ज्याला वेळ नाहीं त्यानें पाकीट आणावें यांत कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. परंतु आमच्या मध्यम वर्गांतील घरांतून बीं धरण्याची चाल गेली ती वेळेच्या अभावीं गेली असें आम्हांस वाटत नाहीं. ती गेली लाजेमुळें. सुतळीचे तुकडे गुंडाळून ठेवणें, आलेल्या पत्रांच्या कोऱ्या पाठीवर हिशेब लिहिणें, साबणाच्या चिपा एकमेकींस जोडणें, या ओढग्रस्तीच्या दिवसांतील संवयींच्या पंक्तीला आम्ही बीं धरणें हेंहि नेऊन बसविलें, आणि पगार वाढतांच त्या संवयींबरोबर तेंहि टाकून दिलें. शिवाय तें काम बायकांचें, त्यांतहि म्हाताऱ्या बायकांचें, आणि चुलींतल्या राखेचें. मग त्यांत विद्या ती कसली असावयाची? जी गोष्ट पुस्तकांत लिहिलेली नाहीं व जिची परीक्षा होत नाहीं ती विद्याच नव्हे, अशी आमच्या सुशिक्षितपणाची समजूत होऊन बसली आहे. ही समजूत किती पोकळ आहे तें एका घरच्या उदाहरणानें दाखवूं.

घर आमच्या आजोळचें, कोंकणांतलें. मागें परसूं, परसांत विहीर, आणि विहिरीच्या पाण्यावर बारा महिने कांहींना कांहीं भाजी. तेथें एक वांगें होत असे: लांबट, फिकट हिरवें, अंगावर पांढऱ्या रेघा. भरल्या वांग्यास तें चालत नसे, पण काप करून तव्यावर परतलें कीं त्याला जी गोडी येई ती आम्ही अन्यत्र चाखलेली नाहीं. त्याला नांव नव्हतें. "घरचें वांगें" एवढेंच म्हणत. आमच्या मामी दर वर्षीं त्याचें बीं धरीत. झाडें फुलूं लागलीं कीं त्या रोज सकाळीं परसांत एक फेरी मारीत, आणि कोणतें झाड रोगट, कोणतें अळीला लवकर बळी पडतें, कोणाचें फळ चटकन् निबर होतें, हें मनांत टिपून ठेवीत. मग दोन-तीन उत्तम झाडें निवडून त्यांवरचें, पहिला बहर सोडून पुढच्या बहराचें, एकेक देखणें फळ ठरवीत आणि त्याच्या देंठाला लुगड्याच्या कांठाची चिंधी बांधीत. चिंधीच्या फळाला कोणीहि हात लावावयाचा नाहीं. हा निर्बंध जांवयासहि लागू होता. तें फळ झाडावरच जून होऊन पिवळें पडे. उतरविल्यावर आणखी कांहीं दिवस पडवींत राही. मग पाण्यांत कुसकरून गर वेगळा करावयाचा. तळाशीं बसेल तें बीं घ्यावयाचें, तरंगेल तें टाकावयाचें. धुतलेलें बीं सुपांत पातळ पसरून सावलींत वाळवावयाचें. सकाळचें कोंवळें ऊन घटकाभर चाले, दुपारचें कधींहि नाहीं. कांहीं दिवसांनीं नखाखालीं दाबून पाहावयाचें. वण उठला तर अजून ओल आहे. पुरतें वाळलें कीं चाळलेल्या राखेंत मिसळून गाडग्यांत भरावयाचें, तोंडाला फडकें बांधून शेणमातीनें लिंपावयाचें, आणि तें गाडगें उतरंडीवर सर्वांत वर चढवावयाचें.

आतां यांतील एकेक कृति बीजशास्त्राशीं ताडून पाहावी. फळ झाडावर जून होऊं द्यावयाचें, कारण खाण्याजोग्या कोंवळ्या वांग्यांतलें बीं भरलेलेंच नसतें. तरंगतें बीं टाकावयाचें, कारण त्याच्या पोटांत अंकुराची शिदोरी बहुधा अपुरी असते. दुपारचें ऊन वर्ज्य, कारण ओल्या बियाला कडक उष्णता लागली कीं आंतला जीव मरतो आणि वरून बीं मात्र ठणठणीत दिसतें. वाळवणीची उष्णता ३५ ते ४० अंशांच्या आंत राखावी असें पुस्तकेंहि सांगतात. राख दुहेरी काम करते. ती उरलासुरला दमटपणा ओढून घेते. आणि तिचे बारीक कण भुंग्याच्या अंगावरचें मेणासारखें आवरण खरवडतात, त्यामुळें कीटक कोरडा पडून मरतो. तोंड लिंपण्याचें कारण तर ज्यानें कोंकणांतला एक पावसाळा काढला आहे त्याला सांगावयास नको. हॅरिंग्टन या अमेरिकन शास्त्रज्ञानें गेल्या शतकांत एक ठोकताळा बसविला, तो आज जगभर शिकविला जातो: बियांतील ओलावा शेंकडा ५ ते १४ यांच्या दरम्यान असतां तो शेंकडा एकानें उतरला कीं बियाचें आयुष्य सुमारें दुप्पट होतें, आणि सांठवणीच्या जागेची उष्णता ५ अंशांनीं उतरली कीं पुन्हां सुमारें दुप्पट होतें. मामींनीं हॅरिंग्टनचें नांव ऐकलें नव्हतें. परंतु त्याच्या दोन्ही सूत्रांपैकीं जें त्यांच्या हातांत होतें तें त्यांनीं नखानें मोजून पाळलें. याला अडाणीपणा म्हणावयाचें असेल तर शास्त्र कशाला म्हणावयाचें तें आम्हांस कोणीतरी सांगावें.

परंतु या सगळ्या खटाटोपांत आमच्या मतें मुख्य वस्तु ती चिंधी होय. राख, गाडगें, सूप हीं साधनें. तीं पालटतां येतात. आज शहरांतल्या घरांत चूल नाहीं म्हणून राख नाहीं. तेथें घट्ट झांकणाची कांचेची बाटली घ्यावी, तींत भाजून थंड केलेल्या तांदळांची पुरचुंडी टाकावी, आणि बीं पुरतें वाळलेलें असेल तर ती खुशाल फ्रिजमध्यें ठेवावी. (बाहेर काढल्यावर मात्र ती कांहीं तास तशीच राहूं द्यावी व मग उघडावी. गार बियावर हवेंतलें पाणी बसतें, हें न कळल्यामुळें आमच्या माहितींतल्या एका घरची वर्षाची बेगमी वायां गेली.) चिंधीला मात्र पर्याय नाहीं. सर्वांत चांगल्या झाडावरचें सर्वांत चांगलें फळ आपण खावयाचें नाहीं, हा तिचा अर्थ. पुढच्या वर्षीं आपल्या परसांत जें उगवावयाचें त्याची आई कोण, हा निर्णय त्या देंठावर बांधला जातो. जें घर उत्तम फळें भाजीला तोडतें आणि पानाआड राहून गेलेलें वाकडें, किडकें फळ "हें राहूं द्या बियाला" म्हणून सोडतें, तेंहि बीं धरतेंच. पण दर वर्षीं तें आपल्या वाणाला एक पायरी खालीं उतरवितें. असें कांहीं वर्षें चाललें कीं फळ बारीक होतें, झाड दुबळें पडतें, आणि मग "घरच्या बियाला पीक येत नाहीं" असा निकाल देऊन तें घर पाकिटाकडे वळतें. निकाल बियाविरुद्ध लागतो. आरोपी मात्र पोटभर जेवून मोकळा.

आमच्या स्नेह्यांचा मुद्दा किंमतीचा होता. पंचवीस रुपये ही रक्कम लहान आहे हें आम्हांस मान्य आहे, आणि काटकसरीच्या नांवानें बीं धरण्याची शिफारस आम्ही करणार नाहीं. वेळेचा हिशेब धरला तर तें कदाचित् महागच पडेल. पण त्या पंचवीस रुपयांत आपण काय घेतों? दुसऱ्या कोणीतरी, दुसऱ्या कोणासाठीं निवडलेलें बीं. बाजारासाठीं माल पिकविणाऱ्याला फळें एका आकाराचीं हवीं असतात, एकदम तोडणीला आलेलीं हवीं असतात, आणि ट्रकांतून शंभर कोस हिंदकळत गेलीं तरी चेपणार नाहींत इतक्या जाड सालीचीं हवीं असतात. बियाणें तयार करणारा त्या मोठ्या गिऱ्हाइकाकडे पाहून निवड करतो, आणि त्यांत त्याचा कांहींच दोष नाहीं. घराला हवें असतें तें बहुतेक याच्या उलट. रोज थोडें थोडें, चार महिने पुरणारें, साल पातळ, आपल्याच जमिनींत, आपल्याच पाण्यावर, फवारणीवांचून तग धरणारें, आणि आपल्या घरच्या जिभेला रुचणारें. आमच्या परसासाठीं निवड करील असा व्यापारी जगांत नाहीं व त्यानें तसें करावें अशी अपेक्षा करणेंहि वेडेपणाचें आहे. ती निवड आम्ही केली तर होईल, नाहीं तर होणार नाहीं.

दुसरा आक्षेप शास्त्राचा अंगरखा घालून येतो: हल्लीं सर्व बीं संकरित, आणि संकरिताचें बीं धरून उपयोग नाहीं. यांतलें अर्धें खरें आहे व तें आम्ही आनंदानें मान्य करतों. ग्रेगोर मेंडेल यानें १८६५ सालीं ब्र्यून शहरांत वाटाण्यांवरील प्रयोग वाचून दाखविले, त्यांचें सार हेंच कीं, संकराची पहिली पिढी एकसारखी येते आणि दुसऱ्या पिढींत आजा-आजींचे दडलेले गुण निरनिराळे होऊन बाहेर पडतात. म्हणून ज्या पाकिटावर "एफ-१" किंवा "संकरित" असें छापलेलें आहे त्यांतल्या झाडाचें बीं धरलें तर तें उगवेल, पण आईसारखें होईल याची हमी नाहीं. "उगवतच नाहीं, तें वांझ असतें," अशी जी अफवा सर्वत्र ऐकूं येते ती मात्र साफ खोटी. आणि सर्वच बीं संकरित आहे हेंहि खरें नाहीं. परभणीच्या कृषि विद्यापीठानें काढलेली "परभणी क्रांति" भेंडी, दिल्लीचा "पुसा रुबी" टोमॅटो, बंगळूरची "अर्का अनामिका" भेंडी, हे सरळ वाण आहेत; एकदां आणावे आणि काळजी घेऊन पुढें वर्षानुवर्षें बीं धरावें. म्हणजे पाकीट वाचावयाचें एवढाच प्रश्न उरतो. जो वर्ग औषधाच्या बाटलीवरचें अक्षर न् अक्षर वाचतो त्याला हें कठीण जाऊं नये.

याच्या अगदीं उलट टोंकाला एक पंथ हल्लीं उदयास आला आहे, आणि त्याचा उपद्रव आम्हांस पहिल्याहून अधिक वाटतो. "देशी" हा शब्द उच्चारला कीं यांचे डोळे मिटतात. प्रदर्शनांत कांचेच्या बरण्या मांडाव्या, त्यांना सुंदर चिठ्ठ्या लावाव्या, मोबाइलवर त्यांचीं चित्रें पाठवावीं, आणि बरणींतलें बीं कोणत्या सालचें, किती झाडांचें, शेजारीं काय लावलें होतें, असें विचारलें तर "पूर्वजांचा ठेवा" हें उत्तर द्यावें. पूर्वजांनीं ठेवा ठेवला तो डोळे उघडे ठेवून. दुधी, काकडी, भोपळा यांची नर-फुलें व मादी-फुलें वेगळीं. पराग नेणारी मधमाशी कोणाचें कुंपण मानीत नाहीं. दुधीचा काकडीशीं संकर होतो ही भीति व्यर्थ आहे, पण एका दुधीचा दुसऱ्या तऱ्हेच्या दुधीशीं होतो, आणि गल्लींत कोठें कडू जातीचा वेल असला तर त्याचा अंश आपल्या बियांत शिरतो. कडू दुधी केवळ बेचव नसतो; त्यांतील क्युकर्बिटासिन हें द्रव्य विषारी आहे व त्याचा रस पिऊन माणसें दगावलीं आहेत. म्हणून बियाला ठेवावयाच्या दुधीचें मादी-फूल उमलण्याच्या दिवशीं दुपारींच दोऱ्यानें बांधावें, नर-कळीहि तशीच झांकावी, आणि सायंकाळीं दुधी फुलतो तेव्हां आपल्या हातानें पराग लावून फूल पुन्हां बांधावें. भोपळ्यास हेंच पहाटे करावें लागतें, कारण तो पहाटे फुलतो. आणि ज्या वेलाचें फळ चाखतां जिभेला कडू लागेल तो समूळ उपटावा. इतका खटाटोप नको असेल त्यानें घेवडा, चवळी, टोमॅटो यांपासून आरंभ करावा. यांचें फूल बहुधा आपल्याच परागानें फळतें. टोमॅटोचें बीं त्याच्याच रसांत एक-दोन दिवस आंबूं द्यावें, म्हणजे त्याच्या भोंवतींची बुळबुळीत पिशवी, जी उगवण रोखून धरते, ती सुटते. मग धुवून वाळवावें. कांदा व मुळा यांच्या वाटेला मात्र गच्चीवाल्यांनीं जाऊं नये. त्यांना पुष्कळ झाडांचा मेळावा लागतो, दोन-चार झाडांवर बीं धरलें तर पुढची पिढी क्षीण होते. आणि कांद्याचें बीं साध्या सांठवणींत वर्षभरच जेमतेम टिकतें.

कोणी म्हणेल, एवढी यातायात आम्हीं कशाला करावी? सरकारच्या बीज-पेढ्या आहेत. आहेत खऱ्या. दिल्लीस १९७६ सालीं स्थापन झालेली राष्ट्रीय वनस्पति-संपदा संस्था शून्याखालीं १८ अंशांवर लक्षावधि नमुने जपून आहे. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर २००८ सालीं डोंगराच्या पोटांत जगाची बीज-कोठी उघडली, आणि सीरियांतल्या यादवीमुळें अलेप्पोची पेढी हाताबाहेर गेली तेव्हां २०१५ सालीं त्याच कोठींतून बीं परत काढून लेबानन व मोरोक्को येथें पेरण्यांत आलें. लेनिनग्राडला १९४१ ते १९४४ पर्यंत वेढा पडला असतां तेथील बीज-संस्थेंतले कित्येक सेवक उपासमारीनें मेले, पण ताब्यांतल्या धान्याच्या नमुन्यांस त्यांनीं तोंड लावलें नाहीं. भाताच्या संग्रहाचा रखवालदार भाताच्या पुड्यांमध्यें मेला. अशा संस्थांविषयीं आमच्या मनांत आदराखेरीज कांहीं नाहीं. परंतु बर्फांत ठेवलेलें बीं ज्या दिवशीं ठेवलें त्या दिवसापाशीं थांबतें. मध्यंतरीं पाऊस लांबला, उन्हाळा वाढला, नवी कीड आली, तर त्याला त्याची खबर नसते. मातींत दर वर्षीं पडणारें बीं त्या खबरींतून निवडून निघतें. आणि त्या वांग्याचे काप करावयाचे, भाजी करावयाची नाहीं, ही नोंद कोणत्या पेढींत ठेवणार?

अकोलें तालुक्यांतील कोंभाळणें गांवच्या राहीबाई पोपेरे यांस २०२० सालीं पद्मश्री जाहीर झाली तेव्हां आमच्या वर्गानें टाळ्या कशा वाजविल्या हें आम्हीं पाहिलें आहे. शाळेचें तोंड न पाहिलेल्या या बाईंनीं आपल्या घरीं शेंकड्यांनीं वाण जतन केले, याचें कौतुक दिवाणखान्यांतून पुष्कळ झालें. पण ज्या दिवाणखान्यांत झालें त्याच घरांतल्या आजीबाईंचें गाडगें त्याच वर्षीं भंगारांत गेलें नसेल, अशी शपथ कितीजणांस घेतां येईल? सातारा जिल्ह्यांतला वाघ्या घेवडा, जळगांवचें भरताचें वांगें, भिवापूरची मिरची यांना २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. त्यांचीं नांवें आज कायद्याच्या वहींत आहेत. पण तेथपर्यंत तीं पोहोंचलीं तीं कोठल्या प्रयोगशाळेंतून नव्हे, त्या त्या गांवच्या घरांतून, हातोहात. आपल्या देशाच्या २००१ सालच्या वाण-संरक्षण व शेतकरी-हक्क कायद्याच्या ३९ व्या कलमानें शेतकऱ्यास बीं धरण्याचा, पेरण्याचा, पुन्हां पेरण्याचा, अदलाबदलीचा, वाटण्याचा व विकण्याचाहि हक्क राखून ठेवला आहे. संरक्षित वाणाचें बीं नाममुद्रा लावून विकूं नये एवढीच मर्यादा. हा हक्क मिळावा म्हणून लोक झगडले. आणि आम्ही तो पंचवीस रुपये देऊन, हंसून, परत करतों.

आमच्या भाषेंत "वाण" या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक बियाची जात, आणि दुसरा संक्रांतीस सुवासिनी एकमेकींस देतात तें. हल्लीं या दुसऱ्या वाणांत प्लॅस्टिकचे डबे, चहाच्या गाळण्या आणि चिमटे वाटले जातात, व दोन वर्षांत प्रत्येक घरीं त्यांची अडगळ होते. संक्रांत येते पौषांत. पावसाळी भाज्यांचें बीं तोंवर वाळून तयार झालेलें असतें आणि उन्हाळी लागवडीचे दिवस तोंडावर असतात. त्या दिवशीं पुडींत बांधलेलें घरचें बीं, वर वाणाचें नांव व साल लिहून, कां देऊं नये? कोठें कोठें हें होऊंहि लागलें आहे असें ऐकतों. एका गल्लींतल्या बायकांनीं ठरवून एकीनें दुधी, दुसरीनें घोसाळें, तिसरीनें काकडी सांभाळली, तर परागांच्या सरमिसळीचा प्रश्नहि निम्मा सुटेल. पुरुषांना यांत मज्जाव आहे असें नव्हे. सूप हातीं धरल्यानें कोणाची पदवी काढून घेतल्याचें आमच्या ऐकण्यांत नाहीं.

असो. आमच्या आजोळच्या वांग्याचें काय झालें तें सांगावयाचें राहिलें, आणि तें सांगणें आम्हांस सुखाचें नाहीं. मामी वारल्यावर घराची दुरुस्ती निघाली. उतरंड उतरवितांना गाडगें फुटलें, आणि त्यांतलें बीं कोणीतरी प्लॅस्टिकच्या पिशवींत भरून ट्रंकेंत टाकलें. तेव्हां आम्ही तेथें होतों. "कशाला ठेवतां, बाजारांत रोपें मिळतात," असें म्हणणारे आम्हीच. वर ज्या हंसण्याविषयीं एवढें लिहिलें तें आमचेंहि एकेकाळीं होतें. पांच-सहा वर्षांनीं काप खाण्याची आठवण झाली म्हणून पिशवी सोडली, बीं भिजविलें, वाफ्यांत टाकलें. एकहि रोप वर आलें नाहीं. पुढें चौकशी करतां कळलें कीं शेजारच्या वाडींतील एका बाईंनीं पूर्वीं मामींकडून रोपें नेलीं होतीं व त्यांच्याकडे तें वांगें "भटणीचें वांगें" म्हणून अजून आहे. त्यांनीं मूठभर बीं दिलें आणि पैसे घेतले नाहींत. पण त्यांच्या परसांत बाजारचीं जांभळीं वांगींहि होतीं, आणि वांग्याच्या फुलावर मधमाशी जातेच. गेल्या हंगामांत आम्हीं लाविलेल्या चवदा झाडांपैकीं पांढऱ्या रेघांचीं फळें तीनच झाडांवर आलीं. बाकीच्यांत जांभळी झांक होती. त्या तिघांपैकीं दोघांच्या फळांना चिंधी बांधली आहे. काप करून पाहिले; चव जवळपास आहे, तीच आहे असें म्हणवत नाहीं.

आमच्या वाचकांपैकीं कोणाच्या घरीं, विशेषतः कोंकणपट्टींत, फिकट हिरवें, लांबट, पांढऱ्या रेघांचें व कापाला गोड असें वांगें असेल तर त्यांनीं कृपा करून कळवावें. मोबदला म्हणून आमच्याकडे यंदाचा वाघ्या घेवडा आहे. ओल्या फडक्यांत बांधून उगवण पाहिली, दहापैकीं नऊ दाणे उगवले.